भिंत, कागद आणि कॅनव्हास

नामपल्लीच्या मैदानावर दर वर्षी १ जानेवारीपासून सुमारे दीड महिना जे औद्योगिक प्रदर्शन भरते आणि ज्यास सारे हैदराबाद ‘नुमाइश’ या एकाच नावाने ओळखते, तेथे आम्ही यंदाही रीतीप्रमाणे जाऊन आलो. शाली, अत्तरे, लोणची, खेळणी आणि पाळणे यांच्या गलबल्यातून वाट काढीत असता एका दुकानी आमची पावले थबकली. समोर अजिंठ्याचा पद्मपाणी होता. पुरुषभर उंचीचा, कॅनव्हासवर छापलेला, लाकडी चौकटीवर ताणून बसविलेला, वर चकचकीत रोगण चढविलेला. आणि त्या रोगणात कुंचल्याचे फटकारे असावेत तशा वळ्या मुद्दाम उठविलेल्या. दुकानदार मोठा सज्जन होता. आमचे कुतूहल पाहून तो दख्खनीत म्हणाला, “हात फिरा के देखो साब, असली पेंटिंग सरीका है.” आम्ही हात फिरविला. बोटांना वीण लागली, वळ्याही लागल्या. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि घोटाळा नेमका तेथेच होता. पद्मपाणी हा कॅनव्हासवर कधीच नव्हता. तो भिंतीवर आहे.

मैदानातून बाहेर पडून थोडे चालले की पब्लिक गार्डन लागते. १९३८ साली ही नुमाइश प्रथम भरली ती याच बागेत. आजच्या मैदानावर ती १९४६ साली गेली. बागेतील राज्य संग्रहालयात बहुतेक मंडळी इजिप्तची ममी पाहावयास जातात. मुले तिच्यापुढे श्वास रोखून उभी राहतात आणि मग सारे कुटुंब बाहेरच्या हिरवळीकडे वळते. परंतु त्याच संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे दालन आहे. खानबहादूर सय्यद अहमद आणि महंमद जलालुद्दीन या हैदराबादच्या चित्रकारांनी त्या हाताने केलेल्या आहेत. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे पुराणवस्तू खाते १९१४ साली स्थापन झाले आणि गुलाम यझदानी हे त्याचे पहिले संचालक. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला व १९६० साली महाराष्ट्रात आला. लेणी महाराष्ट्राच्या वाट्याला आली. त्यांच्या या प्रती नामपल्लीत राहिल्या. हैदराबादेतील मराठी माणसाला अजिंठा पाहावयाचा तर बारा कोसांची नव्हे, शेकडो मैलांची वाट आहे. त्याची आठवण मात्र बागेतल्या एका दालनात, पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

एवढ्या प्रस्तावनेचे कारण असे की, आमच्या परिचयाच्या येथील एका मराठी वाचनालयाला आपल्या सभागृहात पद्मपाणीचे एक छापील चित्र लावावयाचे आहे. देणगी जमली आहे, भिंत ठरली आहे, खिळाही बहुधा ठोकला गेला आहे. वाद राहिला आहे तो एकच: चित्र कागदावर छापून घ्यावे की कॅनव्हासवर? कार्यकारी मंडळातील एक पक्ष म्हणतो, कॅनव्हास भारदस्त दिसतो, काच लागत नाही, पुसता येतो. दुसरा पक्ष म्हणतो, कागद स्वस्त. आमचे मत विचारण्यात आले. प्रथमदर्शनी हा प्रश्न सुताराचा किंवा खजिनदाराचा वाटतो आणि आम्हीही तो तसाच निकालात काढणार होतो. पण त्या सभागृहात जी मुले अभ्यासाला बसतात, त्यांतील बहुतेकांनी अजिंठा पाहिलेला नाही, आणि कित्येकजण कदाचित पुढेही पाहणार नाहीत. त्यांच्या मनात अजिंठा म्हणून जे राहील ते या एका छापील पत्र्याएवढ्या चौकोनावरून. मग प्रश्न खजिनदाराचा राहत नाही. तो टीकेचा होतो.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. छापील चित्र कशावर छापले आहे हा त्या चित्राच्या वेष्टनाचा भाग नसून त्याच्या बोलण्याचा भाग आहे. मूळ कृती जशी असेल तिला अनुकूल असा पृष्ठभाग निवडावा, आणि तो निवडताना आपण छापील प्रत आहोत ही गोष्ट त्या प्रतीने लपवू नये. ज्या प्रतीला आपण प्रत असल्याची लाज वाटते ती मुळाचा अपमान करते आणि स्वतःचाही.

आता मूळ काय आहे ते पाहू. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत कातळावर मातीचा गिलावा चढविला. त्यात भाताचा तूस, गवताचे व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर बारीक गिलावा, त्यावर पांढरीचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. युरोपात ज्याला खरे ‘फ्रेस्को’ म्हणतात, म्हणजे ओल्या चुन्यावर केलेले काम, ते हे नव्हे, असेच तज्ज्ञ मानतात. रंगही मातीचेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा राजावर्ताचा, तो दूरदेशीहून आलेला. या सर्व द्रव्यांत स्वतःची अशी चमक कशालाच नाही. भिंत प्रकाश परावर्तित करीत नाही; ती तो पिऊन टाकते. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या अंगास उभ्या असलेल्या पद्मपाणीच्या मुखावरची ती शांती कुंचल्याची तर आहेच, पण काही अंशी ती या न चकाकणाऱ्या मातीचीही आहे. त्याची भुवई एका दमात ओढलेली दिसते, याचे कारण तिच्या आड कोणतीही झळाळी येत नाही.

आणि या भिंतीवर जो अन्याय झाला तो चकाकीनेच झाला. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे अजिंठ्याच्या प्रती करीत होते. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतीवरच हलक्या प्रतीचे रोगण फासले. त्या क्षणी रंग उजळले असतील. पुढे रोगण काळवंडले आणि त्याखाली चित्रे झाकोळली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीशी जखडला, हे उपकार मोठेच. परंतु त्यांनी चढविलेला लाखेचा लेपही कालांतराने पिवळा पडून धूळ धरू लागला. तेव्हापासून आजपर्यंत जतन करणाऱ्यांच्या श्रमांचा बराच भाग हे थर उतरविण्यात गेला आहे. भिंतीवरची चमक काढण्यासाठी ज्या चित्रापायी पिढ्या खपल्या, त्याच चित्राच्या छापील प्रतीवर आपण पुन्हा हौसेने चमक चढवितो, याला काय म्हणावे?

प्रतींचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे अजिंठ्यात राहून तैलरंगात मोठमोठ्या प्रती केल्या. त्यांपैकी चार-पाच सोडल्यास बाकी साऱ्या १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या शंभरावर प्रती १८८५ च्या दुसऱ्या आगीत भस्म झाल्या. हे दोघेही कॅनव्हासवर तैलरंगात काम करीत होते. आम्ही त्यांच्या निष्ठेपुढे नतमस्तक आहोत; तथापि तैलरंग आणि कॅनव्हास यांचा स्वतःचा असा एक स्वभाव असतो, आणि तो चित्रात उतरल्यावाचून राहत नाही. माती तेलात बोलू लागली की तिचा उच्चार बदलतो. याउलट यझदानींनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत जो ‘अजंता’ ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या नावातच ही चित्रे छायाचित्रणावर आधारलेल्या रंगीत व एकरंगी प्रतिकृती आहेत असे नमूद आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच आपले साधन कबूल करणारा हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. एकरंगी पानांवर रंग नाही. पण वाचकाला रंग नाही हे ठाऊक असते, आणि म्हणून तो रेषेकडे पाहतो. उणीव जाहीर केली की ती उणीव उरत नाही, ती मर्यादा होते.

छपाईने मोठ्या घरचे कपडे घालण्याचा मोह मात्र जुना आहे. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईस गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन गृहस्थांच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तेथे काम केले होते. या छापखान्यातून निघालेल्या चित्रांना जे ‘ओलिओग्राफ’ हे नाव मिळाले, ते नावच पाहावे: तेलाची छपाई. वस्तुतः ती कागदावर अनेक दगडांनी केलेली शिळाछाप. या प्रकारच्या छपाईत कागदावर रोगण देण्याची, आणि काही ठिकाणी त्यावर कॅनव्हासची वीण दाबून उठविण्याची रीत युरोपातूनच आली होती. कागदाने तैलचित्राचे सोंग घ्यावयाचे! आमच्या घराघरांतील स्त्रियांनी मात्र त्या लक्ष्मी-सरस्वतींना जरीची लुगडी चिकटविली, टिकल्या लावल्या, मोत्यांचे सर शिवले. त्यांनी त्या कागदाला कागद म्हणूनच जवळ केले आणि कागदावर जे करता येते ते केले. छापखान्याच्या सोंगापेक्षा त्यांची ही दृष्टी अधिक निरोगी होती, असे आम्हांस वाटते. संगणकाच्या साह्याने शाईचे सूक्ष्म थेंब फवारून जी उंची छपाई आज केली जाते, तिलाही १९९१ साली अमेरिकेत जॅक डुगान यांनी ‘झिक्ले’ हे फ्रेंच वळणाचे नाव दिले. त्याचे मूळ फवारणे या साध्या क्रियापदात आहे. नाव बदलून खानदान बदलत नाही. आणि बदलण्याची गरजही नाही, कारण ही छपाई स्वतःच्या अंगानेच फार समर्थ आहे.

तेव्हा कॅनव्हास सर्वत्र त्याज्य, असा कौल आम्ही देत आहोत काय? तसे नाही. प्रत्येक मूळ वेगळे असते, आणि ते वेगळेपण पाहण्यास हैदराबादसारखे शहर नाही. येथेच दख्खनी लघुचित्रे आहेत. सालारजंग संग्रहालयात आहेत, जगदीश व कमला मित्तल यांच्या संग्रहालयात आहेत. ही चित्रे कागदावरची. कागद अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेला, त्यावर खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली रेषा. अशा चित्राची प्रत कॅनव्हासवर छापली की काय होते ते एकदा भिंग लावून पाहावे. कॅनव्हासचा एकेक धागा त्या चित्रातील बेगमेच्या भुवईपेक्षा जाड असतो. रेषा धाग्यावर चढते, खाचेत उतरते, पुन्हा चढते; आणि ज्या रेषेसाठी चित्रकाराने श्वास आवरून धरला ती दातेरी होते. येथे कॅनव्हास म्हणजे अत्तराच्या कुपीला गोणपाट गुंडाळणे होय. घट्ट पोताचा, गुळगुळीत, मंद तकाकीचा कागदच येथे हवा.

त्याच हैदराबादचे दुसरे वैभव म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांची छायाचित्रे. सहाव्या निजामांच्या दरबारचे हे छायाचित्रकार. त्या काळी छायाचित्रे पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन उमटविली जात. त्या थराला अंगचीच एक सौम्य झाक असते, आणि पागोट्याच्या घडीपासून हौद्याच्या झालरीपर्यंतचा बारीक तपशील तिच्यामुळेच टिकतो. अशा चित्राची प्रत खडबडीत, बिनचमकीच्या कागदावर काढली तर सावल्या कोळशाच्या भुकटीसारख्या सपाट होतात. तीच किंचित तकाकीच्या गुळगुळीत कागदावर काढली की सावलीला विहिरीच्या पाण्यासारखी खोली येते. म्हणजे अजिंठ्याला जी चमक मारक, तीच दीनदयाळांना उपकारक. यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, आमचे भांडण चमकीशी नाही आणि कॅनव्हासशीही नाही. भांडण आहे ते मूळ न पाहता केलेल्या निवडीशी.

या मासिकाच्या गोमंतकीय वाचकांसाठी दोन घरची उदाहरणे घेतो. सांग्यास जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) हे तैलरंगाचे मोठे अधिकारी. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीस फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. सांत इश्तेव्ह गावचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी आयुष्याचा मोठा काळ पुण्यात काढला आणि येशू-मरियेला आपल्याकडील वेष दिला. त्यांचे कागदावरील जलरंग प्रसिद्ध आहेत. फोन्सेकांची प्रत कॅनव्हासवर कोणी काढू नये हे सांगावयास नको: जलरंगात कागदाचे पांढरेपण हाच प्रकाश असतो, आणि तो प्रकाश विणीच्या सावल्यांत विझतो. पण त्रिंदादांचे काय? मूळच कॅनव्हासवर, मग प्रतही कॅनव्हासवर, हे तर्काला धरून दिसते. येथेही एक खोच आहे. तैलचित्राचे उत्तम छायाचित्र घेतले की त्यात मूळ कॅनव्हासची वीणही येते. ते पुन्हा कॅनव्हासवर छापले म्हणजे एका विणीवर दुसरी वीण बसते: एक छापलेली, एक खरी. प्रत मूळच्या निम्म्या आकाराची असेल तर छापलेली वीण निम्मी बारीक होते आणि खरी मात्र तेवढीच राहते. दोन्ही एकमेकींत घुसून चित्रावर नको ते लाटांचे जाळे उमटते. सबब तैलचित्राची प्रतसुद्धा मूळ आकाराची असेल आणि छायाचित्र घेणाऱ्याला आपले काम कळत असेल तरच कॅनव्हास शोभतो. छोटी प्रत कागदावरच बरी.

कॅनव्हासच्या बाजूने जे बोलता येते ते बोलणे न्यायाचे आहे. तो हलका असतो, काचेवाचून टांगता येतो, आणि म्हणून समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब चित्रावर पडत नाही. मोठ्या दालनात दुरून पाहावयाच्या चित्राला हा गुण लहान नव्हे. पण त्याचे दोषही जाणावेत. बाजारात कॅनव्हास म्हणून जे मिळते ते पुष्कळदा कापूस आणि पॉलिएस्टर यांचे मिश्रण असते. शाई धरण्यासाठी त्यावर जो लेप दिलेला असतो तो चौकटीच्या काठावर दुमडताना तडकतो. आमच्या स्वतःच्या घरी अशी एक प्रत आहे. तिच्या चारही कडांना आता पांढऱ्या भेगांची किनार आली आहे. शिवाय चित्राचा काही भाग चौकटीच्या बाजूंवर गुंडाळला जातो. पद्मपाणीच्या भोवतीच्या आकृती अशा कोपऱ्यावर वळविणे म्हणजे रचनेवरच कात्री चालविणे आहे.

मग वाचनालयाने कोणता कागद घ्यावा? आमच्या मते शुद्ध कापसाचा, बिनचमकीचा, अंगाने थोडा खरखरीत, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा. आणि छपाई रंगकणांच्या शाईची, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची नव्हे, कारण ती उजेडात लवकर विटते. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन काढून टाकलेले नसेल तर कागद पिवळा व ठिसूळ होतो, हे जुन्या वर्तमानपत्रावरून प्रत्येकास ठाऊक आहे. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे कागदाचा फार शुभ्रपणा. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात उजाळा आणणारी रसायने घालतात. ती अदृश्य जंबुपार किरणे शोषून निळसर प्रकाश देतात. काही वर्षांनी त्यांची शक्ती सरते आणि कागदाचा खरा रंग उघडा पडतो. चित्रातील सारे फिके रंग त्यासरशी बदलतात. याची पारख सोपी आहे. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आता किराण्याच्या दुकानातही असतो. त्याखाली कागदाचा तुकडा धरावा. निळा पेटून उठला तर तो उसना शुभ्रपणा. मंद राहिला तर अंगचा. आपल्या चलनी नोटांचा कागद कापसाचाच असतो आणि तो त्या दिव्याखाली मंदच राहतो. अजिंठ्याची पांढरी ही मातीची पांढरी आहे. तिला हा किंचित उबदार, न पेटणारा कागदच मानवतो.

हा कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा का असू नये, असे एका सभासदाने सुचविले. सूचना हृदयाला भिडणारी आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, तिच्याबरोबर कागदी कारागीर आले अशी परंपरा आहे, आणि त्या गावाच्या नावातच कागद आहे. अजिंठ्याच्याच मुलखातला कागद अजिंठ्याच्या चित्राला, यापरते औचित्य कोणते! तथापि भावनेने शाई आवरत नाही. हातकागद हा बोरू आणि पाटीवरच्या काजळी शाईसाठी जन्मला. वर विशेष लेप दिल्यावाचून त्यावर यंत्राने फवारलेली शाई तंतूंतून फाकते आणि रेषा फुटते. ज्या चित्राचे सारे सामर्थ्य रेषेत आहे त्याच्यावर हा प्रयोग करू नये. त्या कागदाला दुसरे मानाचे काम आम्ही सुचविले आहे, ते पुढे सांगतो.

कागदाला काच लागणार, हे खरे. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला धरते. खिडकीसमोरची भिंत टाळावी. संग्रहालये कागदावरील कामाला सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश देतात. वाचनालयात मुलांना वाचावयाचे असते, तेथे एवढा अंधार करता येणार नाही, पण निदान ऊन तरी चित्रावर येऊ नये. आणि पुरुषभर उंचीचा हट्ट सोडावा. मूळ आकाराचा आभास निर्माण करावयाचा नसेल तर प्रत लहान असण्यात कमीपणा नाही. हातभर रुंद, स्वच्छ, भोवती पुरेशी पांढरी कोर सोडलेली प्रत पाहणाऱ्याला जवळ बोलावते. जवळ आलेला मुलगा भुवईची रेषा पाहील. दुरून पाहणारा फक्त सजावट पाहील.

खर्चाचा हिशेब केला तर काच, पुठ्ठा आणि चौकट धरून कागदाची प्रत कॅनव्हासपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. तेव्हा कागदाच्या पक्षाने स्वस्ताईचे कारण मागे घ्यावे आणि कॅनव्हासच्या पक्षाने भारदस्तपणाचे. उरेल ते एकच कारण: भिंतीवरच्या मातीचे मौन कोणत्या पृष्ठभागावर अधिक टिकते. आम्हांस ते कागदावर टिकलेले दिसते.

आता कागजीपुऱ्याच्या कागदाविषयी. त्याची एक पट्टी कापून, ज्याचे अक्षर चांगले असेल अशा एखाद्या विद्यार्थ्याकडून तीवर बोरूने लिहवून घ्यावे आणि चित्राखाली लावावे: “पद्मपाणी. अजिंठा, लेणे पहिले. ही छापील प्रत आहे. मूळ चित्र मातीच्या भिंतीवर आहे. हाताने केलेल्या प्रती नामपल्लीस पब्लिक गार्डनमधील संग्रहालयात आहेत.” एवढी चार वाक्ये वाचून जर एखादा मुलगा पुढच्या रविवारी ममीच्या खोलीतून निघून त्या दुसऱ्या दालनात दहा मिनिटे उभा राहिला, तर वाचनालयाची देणगी सार्थकी लागली असे आम्ही समजू. मंडळाची सभा अद्याप व्हावयाची आहे. कॅनव्हासचा पक्ष बलवान आहे, हेही आम्ही जाणतो.